घरच्या सर्व्हरवर वेबसाइट आणि शेजारी छंदाचे प्रोजेक्ट, एकाच मशीनवर कसं सांभाळता?

अक्षरजाळी (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. माझी स्वतःची वेबसाइट गेली चार वर्षं घरातल्याच एका रास्पबेरी पाय ४ या छोट्या कॉम्प्युटरवर चालू आहे. डेबियन लिनक्स, पानं वाचकापर्यंत पोचवणारा एनजिनएक्स, आणि मार्कडाउनच्या साध्या खुणांत लिहिलेली पानं ह्युगोने एचटीएमएल करून आरसिंक या कॉपी करणाऱ्या प्रोग्रामने वर टाकायची, इतकंच. डेटाबेस नाही, लॉगिन नाही, त्यामुळे साइटने स्वतःहून मला एकदाही त्रास दिलेला नाही. त्रास होतो तो त्याच मशीनवर मी जे छंद म्हणून प्रोजेक्ट चालवतो त्यांच्यामुळे, आणि गेल्या महिन्यात त्याचा कळस झाला म्हणून हा धागा काढतोय.

प्रोजेक्ट आहे मराठी शब्दकोडं आपोआप बनवण्याचा. माझ्या फार जिव्हाळ्याचा आहे. आता "क्षमा" हा शब्द कोड्याच्या दोन घरांत बसतो हे आपल्याला कुणी सांगावं लागत नाही, पण पायथनला लांबी विचारली तर तो ५ सांगतो, कारण क, पायमोडं चिन्ह, ष, म आणि काना असे सगळे सुटे मोजतो. मग मी अक्षरं तोडून देणारी एक लायब्ररी (दुसऱ्यांनी लिहिलेला तयार कोड) घेतली तर ती ३ म्हणाली, क् वेगळा, ष वेगळा, मा वेगळा. दोन आठवडे मला वाटत होतं माझंच काहीतरी चुकतंय. शेवटी कळलं की देवनागरीची जोडाक्षरं एकत्र धरायचा नियम युनिकोड या अक्षरांच्या मानकात २०२३ साली १५.१ आवृत्तीत आला आणि माझी लायब्ररी त्याआधीची होती. ती बदलली आणि उत्तर २ आलं, तेव्हा मी एकटाच खोलीत उठून उभा राहिलो होतो.

तर हे कोडं मी साइटवर टाकलं. खाली "नवीन कोडं" अशी लिंक, दाबली की एक नवीन आकडा धरून नवीन पान. प्रोग्राम जाळी भरताना शब्द ठेवून बघतो, पुढे अडलं की मागे येतो, दुसरा शब्द ठेवतो, आणि हे प्रत्येक पाऊल मी तपासणीसाठी लॉगमध्ये, म्हणजे नोंदींच्या फाइलीत, लिहीत होतो. एका कोड्याला कधी काही हजार पावलं, कधी काही लाख. ते लॉगिंग बंद करायचं राहून गेलं.

एका क्रॉलरला, म्हणजे लिंकमागून लिंक आपोआप उघडत जाणाऱ्या प्रोग्रामला, ती लिंक सापडली. त्याने नवीन कोडं उघडलं, त्या पानावर पुन्हा "नवीन कोडं", ते उघडलं, पुन्हा तेच. त्या रस्त्याला शेवटच नाही. तो दिवसरात्र पुढे जात राहिला, माझा प्रोग्राम इमानेइतबारे प्रत्येकासाठी जाळी भरत राहिला आणि लॉग फुगत फुगत डिस्क १०० टक्के भरली.

मला काही कळलं नाही, कारण साइट उघडत होती! साधी पानं वाचायला डिस्कवर जागा लागत नाही. पण ब्राउझरला साइटची ओळख पटवणारं लेट्स एनक्रिप्टचं सर्टिफिकेट ९० दिवसांचं असतं, ते आपोआप नवं करणारा सर्टबॉट हा प्रोग्राम ३० दिवस उरले की नवीन आणायला लागतो, दिवसातून दोनदा प्रयत्न करतो, आणि प्रत्येक वेळी नवीन फाइल लिहायला जागा नाही म्हणून परत फिरत होता. पूर्ण ३० दिवस. सर्टिफिकेट संपत आलं की पूर्वी त्यांच्याकडून ईमेल यायचं, ते त्यांनी २०२५ मध्ये बंद केलंय, आणि मी दुसरी काही सोय केलेली नव्हती. एका वाचकाने पत्र पाठवलं की तुमची साइट उघडायला गेलं की ब्राउझर पानभर धोक्याचा इशारा दाखवतोय, तेव्हा समजलं.

घाईघाईने लॉगिन केलं, ती भलीमोठी लॉग फाइल उडवली, डिस्क किती भरली ते सांगणारं डीएफ चालवून बघतो तर अजूनही १०० टक्के. फाइल तर गेलेली, डीयूने फोल्डर मोजले तर बेरीज अर्ध्यावरही जात नाही. मशीन रीस्टार्ट केल्यावर जागा सुटली आणि सर्टिफिकेट मिनिटभरात आलं. पण का ते आजही नीट कळलेलं नाही.

माझा प्रश्न असा की तुम्ही साइट आणि प्रयोग वेगळ्या मशीनवर ठेवता का? की एकाच मशीनवर काही भिंती घालता? मला प्रयोग बंद करायचे नाहीत, साइटवर माणसं येऊन ते वापरतात याचाच तर आनंद आहे.

रात्रपाळी

जागा का सुटली नाही ते सांगतो. लिनक्समध्ये फाइल उडवली म्हणजे फक्त तिचं नाव जातं, एखादा प्रोग्राम ती उघडून बसलेला असेल तर तो सोडेपर्यंत आतला मजकूर डिस्कवर तसाच राहतो. डीयू नावांवरून मोजतं म्हणून त्याला ती दिसत नाही, डीएफ फाइल सिस्टिमला विचारतं म्हणून त्याला दिसते. एलएसओएफ कमांडने अशा बिननावाच्या पण उघड्या फाइलींची यादी मिळते. तुमचा कोड्याचा प्रोग्राम तेवढा रीस्टार्ट केला असता तरी भागलं असतं, अख्खं मशीन नको. आणि पुढच्या वेळी उडवू नका, ट्रंकेट करून शून्यावर आणा, जागा लगेच मिळते.

हे मी नोकरीत रात्री तीन वाजता शिकलोय त्यामुळे विसरत नाही.

बिंदूरेषा

लेख आवडला पण एक शंका राहिली. ईएक्सटी४ फाइल सिस्टिम सहसा ५ टक्के जागा रूटसाठी (सगळे अधिकार असलेल्या युजरसाठी) राखून ठेवते, म्हणजे साध्या युजरच्या प्रोग्रामने डिस्क भरली तरी रूटला थोडी जागा मिळतेच. सर्टबॉट रूट म्हणून चालतो. मग त्याला जागा का मिळाली नाही?

अक्षरजाळी

तुमची शंका वाचली आणि कपाळावर हात मारला. कोड्याचा प्रोग्रामही रूट म्हणूनच चालू होता. पहिल्या दिवशी काहीतरी परवानगीची अडचण आली म्हणून "आत्तापुरतं" केलं होतं आणि ते तसंच राहिलं. म्हणजे राखीव जागासुद्धा त्यानेच खाल्ली.

बिंदूरेषा

मग भिंत कुठे घालायची ते मिळालं तुम्हाला. प्रत्येक प्रोजेक्टला स्वतःचा युजर द्या, प्रोग्राम चालू-बंद करणाऱ्या सिस्टमडीच्या युनिट फाइलमध्ये युजरचं नाव, मेमरीची कमाल मर्यादा आणि सीपीयूचा वाटा लिहा, चार ओळींचं काम आहे. लॉग स्वतःच्या फाइलीत न लिहिता सरळ स्क्रीनवर छापा म्हणजे ते जर्नलडी या लॉग सांभाळणाऱ्या प्रोग्रामकडे जातात, आणि तो मुळातच फाइल सिस्टिमच्या १० टक्क्यांच्या, जास्तीत जास्त ४ जीबीच्या वर जात नाही, तुम्ही ती मर्यादा आणखी कमीही करू शकता. मी साइट आणि सात छोटे प्रोजेक्ट एकाच मशीनवर ठेवते, पण साइटच्या फोल्डरमध्ये लिहायची परवानगी त्यातल्या एकालाही नाही. दुसरं मशीन घेण्याआधी हे करून बघा. मशीन वाढलं की अपडेट वाढतात, बॅकअप वाढतात, आणि छंदासाठी ठेवलेला वेळ त्यातच जातो.

कंटेनरबद्दल (प्रोग्राम वेगळ्या डब्यात ठेवून चालवण्याबद्दल) कुणीतरी लिहीलच म्हणून आधीच सांगते, उपयोगी आहेत, पण मर्यादा लिहिली नाही तर कंटेनरचा लॉगही तसाच डिस्क भरतो.

जुनी वही

माझ्या मते मूळ चूक लॉगची नाहीच, "नवीन कोडं" ही लिंक होती ही चूक आहे. वेबवर लिंक म्हणजे गेट विनंती, आणि गेटचा ठरलेला अर्थच असा की याने सर्व्हरवर काही बदलणार नाही, कुणीही कितीही वेळा बिनधास्त मागावं. क्रॉलर त्याच भरवशावर चालतो, त्याच्या बाजूने तो बरोबरच वागला. ज्याने सर्व्हरला काम पडतं ते बटण करायचं आणि पोस्टने पाठवायचं. क्रॉलर सहसा बटणं दाबत नाहीत.

क्रॉलरने काय उघडू नये ते सांगणारी रोबोट्स फाइल जरूर ठेवा पण तिच्यावर विसंबू नका. ती १९९४ पासूनची नुसती विनंती आहे, २०२२ मध्ये तिचं रीतसर आरएफसी (इंटरनेटचं मानक) झालं तरी पाळायची सक्ती कुणावर नाही, आणि अलीकडे एआयसाठी मजकूर गोळा करणारे जे क्रॉलर येतात त्यातले काही तिच्याकडे बघतही नाहीत. एनजिनएक्समध्ये एका आयपीला मिनिटाला अमुक इतक्याच विनंत्या अशी मर्यादा घालता येते, ती कोड्याच्या पत्त्यापुरती घाला.

बाकी तुम्ही स्वतःची साइट चालवताय याचं मला मनापासून कौतुक आहे. माझी पहिली पानं जिओसिटीजवर होती. २००९ मध्ये ते बंद झालं तेव्हा मी वेळेवर उतरवून घेतली नाहीत, गेली ती गेली. त्यात मी लिहिलेला माझा पहिला प्रोग्राम होता, त्याची प्रत कुठेच नाही. तेव्हापासून माझं डोमेन माझ्या नावावर आहे, सर्व्हर पाच वेळा बदलला पण २०१० सालच्या पानाचा पत्ता आजही तोच आहे. मशीन घरी आहे की भाड्याचं आहे याला मी फार महत्त्व देत नाही, डोमेन आपलं आणि फाइली आपल्या हाताशी, हे महत्त्वाचं.

नवखा सर्व्हर

सगळ्यांचे प्रतिसाद वाचतोय, खूप शिकायला मिळतंय. माझा थोडा वेगळा प्रश्न आहे, चालेल ना? मी पण जुन्या लॅपटॉपवर डेबियन टाकून साइट उभी केली, घरातल्या वायफायवरून उघडते, राउटरमध्ये ८० आणि ४४३ पोर्ट फॉरवर्ड पण केले पण बाहेरून मोबाइल डेटावरून काहीच उघडत नाही, तीन दिवस झाले डोकं फोडतोय, राउटर रीसेट करून पण बघितला.

रात्रपाळी

राउटर रीसेट करू नकोस आता. राउटरच्या पानावर वॅन आयपी म्हणून जो पत्ता दिसतो तो बघ आणि "माझा आयपी काय" दाखवणाऱ्या एखाद्या साइटवर जो दिसतो तो बघ. दोन्ही सारखे आहेत का? वॅनचा पत्ता १००.६४ पासून १००.१२७ पर्यंतच्या टप्प्यात आहे का?

नवखा सर्व्हर

हो दादा!! १००.७२ ने सुरू होतोय आणि साइटवर पूर्ण वेगळाच दाखवतोय.

रात्रपाळी

मग तुझी काहीच चूक नाही. आयपीव्ही४ चे पत्ते ३२ बिटांचे, म्हणजे एकूण सव्वाचारशे कोटींच्या आसपास, ते कधीच पुरेनासे झाले, म्हणून इंटरनेट कंपन्या खूप ग्राहकांना मिळून एकच बाहेरचा पत्ता देतात. याला सीजीनॅट म्हणतात आणि तो १००.६४ चा टप्पा खास त्याच्यासाठी राखलेला आहे. तू तुझ्या राउटरचं दार उघडलंस पण त्याच्यापुढे कंपनीचं एक दार आहे, ते तुझ्या हातात नाही.

रस्ते तीन. एक, कंपनीकडे स्वतंत्र सार्वजनिक आयपी माग, काही देतात. दोन, आयपीव्ही६ मिळतंय का बघ, त्यात ही अडचणच नाही, पण बघणाऱ्याकडेही आयपीव्ही६ लागतं म्हणून एकट्याने भागत नाही. तीन, एक लहानात लहान व्हीपीएस (भाड्याचा सर्व्हर) घे आणि घरच्या लॅपटॉपवरून त्याच्यापर्यंत वायरगार्डचा बोगदा काढ. बोगदा आतून बाहेर निघतो म्हणून सीजीनॅट आडवं येत नाही. लोक व्हीपीएसवर येतात, तो विनंती बोगद्यातून घरी पाठवतो. वायरगार्ड २०२० पासून लिनक्स कर्नलमध्येच आहे. लॅपटॉपच्या बाजूला पर्सिस्टंट कीपअलाइव्ह २५ सेकंद ठेवायला विसरू नकोस, नाहीतर काही वेळ कुणी आलं नाही की मधलं नॅट तुझी नोंद विसरतं आणि साइट अधूनमधून झोपते. मी यात एक अख्खा रविवार घालवलाय, तू घालवू नकोस.

तिसरी प्रत

व्हीपीएस घेणारच असाल तर साइट तिथेच का ठेवत नाही? साध्या एचटीएमएल पानांना काही लागत नाही. घरी प्रयोग, व्हीपीएसवर साइट, मध्ये बोगदा. घरची वीज गेली, राउटर अडला, तरी साइट उभी राहते आणि फक्त कोडं बंद दिसतं. धागाकर्त्यांच्या प्रश्नाचंही माझं उत्तर हेच, बिंदूरेषा यांच्याशी मी इथे सहमत नाही. युजर वेगळे केले तरी वीज एकच आहे आणि एसडी कार्ड एकच आहे.

आणि चार वर्षं पाय एसडी कार्डवर चालू असेल तर कृपा करून आजच बॅकअप बघा. कार्डावर सतत लॉग लिहून ते मरतं, तेही हळूहळू, आधी काही फाइली खराब होतात, तुम्हाला कळत नाही, आणि तुमचा बॅकअप त्या खराब फाइलीच इमानदारीने उचलतो. म्हणून नुसतं आरसिंक म्हणजे बॅकअप नव्हे, त्यात कालची प्रत आजच्या प्रतीने पुसली जाते. बोर्ग किंवा रेस्टिक वापरा, त्यात गेल्या आठवड्याची, गेल्या महिन्याची स्थिती वेगळी राहते आणि एकसारखा मजकूर एकदाच साठवला जातो.

एसक्यूलाइट (एका फाइलीत राहणारा डेटाबेस) वापरत असाल तर अजून एक. प्रोग्राम चालू असताना ती फाइल नुसती कॉपी करू नका. मधेच लिहिणं चालू असेल तर अर्धी जुनी अर्धी नवीन अशी प्रत निघते, वॉल मोड असेल तर शेवटचे बदल शेजारच्या वेगळ्याच फाइलीत असतात आणि ते मागे राहतात. एसक्यूलाइटची स्वतःची बॅकअप कमांड आहे, तिने प्रत काढा आणि मग ती प्रत उचला. माझ्या पुस्तकांच्या नोंदींचा प्रोजेक्ट होता, सहा वर्षांच्या नोंदी. बॅकअप रोज होत होता. गरज पडली त्या दिवशी उघडला तर "डेटाबेस खराब आहे" असा संदेश, त्याआधीच्या दिवसाचाही तोच. अकरा दिवस मागे गेल्यावर एक धड प्रत मिळाली. त्या अकरा दिवसांतल्या नोंदी थोड्याच होत्या पण मी त्या रात्री जेवलो नाही.

बिंदूरेषा

तिसरी प्रत, वीज आणि कार्डाचा मुद्दा मान्य आहे. साइट बाहेर ठेवायची असेल तर विरोध नाही, फक्त ते करून रूटने प्रोग्राम चालवणं तसंच ठेवलं तर काही साधत नाही इतकंच माझं म्हणणं.

नवखा सर्व्हर, तुम्ही दार उघडणार आहात म्हणून आधीच सांगते, घाबरू नका पण तयारीत राहा. सर्टिफिकेट काढलं की तुमचं डोमेन सार्वजनिक नोंदींमध्ये येतं, सगळी सर्टिफिकेटं तिथे दिसतात, आणि बॉट तिथूनच नवीन नावं उचलतात. काही मिनिटांत तुमच्या लॉगमध्ये वर्डप्रेसचं लॉगिन पान, पासवर्ड असलेली ईएनव्ही फाइल, कोडच्या जुन्या आवृत्त्या जपणारं गिट फोल्डर असल्या गोष्टी मागणाऱ्या ओळी दिसायला लागतील. तुमच्याकडे वर्डप्रेस नसलं तरी मागतात. ते तुमच्यावर डोळा ठेवून नसतात, सगळीकडेच ठोठावत फिरतात. एसएसएचला (दुरून मशीनवर शिरायच्या सोयीला) पासवर्डने लॉगिन बंद करा, फक्त किल्लीने ठेवा. आपोआप सुरक्षा अपडेट चालू करा. आणि साइटचं फोल्डर गिटने वर आणत असाल तर गिटचं फोल्डर बाहेरून वाचता येत नाही ना हे आधी स्वतः ब्राउझरमध्ये उघडून बघा, कारण त्यात जुन्या कमिटमध्ये कधीतरी लिहिलेला पासवर्डही असतो.

नवखा सर्व्हर

खरंच होतं!! गिटचं फोल्डर उघडत होतं. आत्ता बंद केलं. पासवर्ड नव्हता त्यात पण पोटात गोळा आला. धन्यवाद ताई.

अजून एक विचारू का, पानांचे पत्ते मराठीत ठेवावेत का इंग्रजीत? मी मराठीत ठेवले तर कॉपी केल्यावर भलतंच लांबलचक काहीतरी येतं.

जुनी वही

ठेवा मराठीत, चालतात उत्तम, फक्त लांबी का वाढते ते माहीत असू द्या. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ (अक्षरं बाइटमध्ये साठवायची पद्धत) मध्ये ३ बाइटचं, आणि पत्त्यात प्रत्येक बाइट टक्क्याच्या चिन्हासकट ३ अक्षरांत लिहिला जातो. म्हणजे "कविता" मध्ये क, व, पहिली वेलांटी, त, काना अशी ५ चिन्हं, १५ बाइट, आणि पत्त्यात ४५ अक्षरं. ब्राउझर आपल्याला सुबक दाखवतो, कॉपी केल्यावर खरं रूप दिसतं. म्हणून मी पत्त्यात एक किंवा दोनच शब्द ठेवते.

आणि पानाच्या सुरुवातीच्या एचटीएमएल टॅगमध्ये भाषा एमआर लिहा, खूप जण हे विसरतात किंवा साच्यातलं ईएन तसंच राहतं. काही फॉन्टमध्ये ल आणि श ची मराठी वळणं वेगळी दिलेली असतात, ती भाषा सांगितली तरच दिसतात. माझ्या साइटवर मी ते बदललं तेव्हा सगळ्या पानांवरचा श एकदम आपल्या वळणाचा झाला. बघत बसले होते कितीतरी वेळ.

अक्षरजाळी

मंडळी, तुमच्या सांगण्यावरून दोन रविवार कामाला लागलो होतो. तिसरी प्रत यांचं ऐकून एक नवीन एसडी कार्ड घेतलं आणि जुन्याला हात न लावता फक्त बॅकअपवरून पूर्ण सर्व्हर उभा करून बघितला. पानं आली, शब्दयादी आली, कोड्याचा कोड आला. पण एनजिनएक्सच्या सेटिंगच्या फाइली बॅकअपमध्ये नव्हत्याच, ठरल्या वेळी कामं करणाऱ्या क्रॉनच्या ओळी नव्हत्या, आणि आयपी बदलला की डोमेनला कळवणारी स्क्रिप्ट मी कधीतरी रूटच्या होम फोल्डरमध्ये लिहिली होती ती पण नव्हती. चार वर्षं मला वाटत होतं की माझा बॅकअप आहे. आता हे सगळं एका गिट रेपोमध्ये आणलंय.

साइट व्हीपीएसवर हलवली, कोडं घरीच, मध्ये वायरगार्ड. कोड्याला स्वतःचा युजर, २०० एमबीची मर्यादा, पावलांचं लॉगिंग बंद. सर्टिफिकेटची मुदत २० दिवसांच्या खाली आली किंवा डिस्क ८० टक्क्यांच्या वर गेली की मला मेसेज येतो, ही स्क्रिप्ट घरच्या मशीनवरून व्हीपीएसला आणि व्हीपीएसवरून घरच्या मशीनला तपासते. सर्टिफिकेटांची कमाल मुदत २०२९ पासून सगळ्यांसाठीच ४७ दिवसांवर येणार आहे, त्यामुळे हे आत्ताच नीट बसवलं ते बरं झालं.

"नवीन कोडं" आजपासून पुन्हा सुरू आहे, आता ते बटण आहे. खेळून बघा आणि काही चुकत असेल तर नक्की सांगा.

जुनी वही

खेळले, तीन कोडी सोडवली, खूप आवडलं. एक चूक सापडली. "दुसऱ्या" हा शब्द एकाच कोड्यात दोनदा आला, आडवाही आणि उभाही. दोन्हीकडे तीनच घरं आणि अक्षरंही हुबेहूब तीच.

अक्षरजाळी

सापडलं! दिसायला एक पण लिहिलेत दोन तऱ्हांनी. एकात अर्धा र "ऱ" हे वेगळं अक्षर घेऊन टाइप केलाय, दुसऱ्यात साधा र, पायमोडं चिन्ह आणि न दिसणारं जोडणारं चिन्ह. युनिकोडचं नॉर्मलायझेशन (एकाच अक्षराची वेगळी रूपं सारखी करणं) या दोन्हींना एक करत नाही, मी करेल असं गृहीत धरलं होतं. यादीत अशा १९ जोड्या निघाल्या, सुऱ्या, दऱ्या, पायऱ्या, सगळ्या. आता यादी वाचतानाच सगळं "ऱ" कडे वळवतोय. वर चढवलंय, परत एकदा बघता का?

जुनी वही

पाच कोडी काढली. "पायऱ्या" एकदाच आला.